आधी सैल, मग जलद

सेकंदकाटा असलेलं घड्याळ समोर ठेवा. तळहात टेबलावर टेकवा आणि फक्त तर्जनीनं, जितकी भरभर जमेल तितकी, 10 सेकंद टकटक करून मोजा. बहुतेक निरोगी प्रौढांचा आकडा 40 ते 60 च्या दरम्यान येतो. मेंदूच्या आणि मज्जातंतूंच्या आजारात हाताच्या हालचाली मंदावल्या आहेत का, हे पाहायला ही साधी चाचणी कित्येक दशकं वापरात आहे.

आता हाच आकडा घेऊन इलेक्ट्रिक गिटारकडे जाऊ. सेकंदाला पाच वेळा टकटक म्हणजे बोट पाच वेळा खाली गेलं आणि पाच वेळा वर आलं. टेबलावर आवाज होतो तो फक्त खाली येताना. पण हातात पिक असेल, म्हणजे तार छेडायची ती प्लास्टिकची छोटी तिकोनी चकती, आणि ती खाली जातानाही तार छेडत असेल व वर येतानाही, तर तेवढ्याच हालचालीतून सेकंदाला दहा स्वर निघतील. हेवी मेटल संगीतातले भन्नाट वेगाचे म्हणून ओळखले जाणारे तुकडे मिनिटाला 200 ठोके आणि दर ठोक्याला चार स्वर अशा गतीचे असतात. हिशेब केला तर सेकंदाला साधारण 13 स्वर. म्हणजे पट्टीचा वादक आणि पेपर वाचणारे आपण यांच्यात निव्वळ हालचालीच्या वेगाचं अंतर वाटतं तेवढं मोठं नाही.

मग हे वाजवायला शिकण्यात वर्षंच्या वर्षं का जातात? आणि त्यात कितीतरी जणांचं मनगट का दुखावतं? या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे. वेग म्हणजे ताकद, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात वेग म्हणजे स्नायू वेळेवर सैल सोडता येणं आणि मेंदूनं पुढच्या स्वरांची मांडणी आधीच करून ठेवणं.

जोर लागतो कुठे?

इलेक्ट्रिक गिटारची सगळ्यात बारीक तार अनेकदा इंचाच्या हजार भागांपैकी नऊ भाग, म्हणजे पाव मिलिमीटरपेक्षाही कमी जाडीची असते. तारांखाली पिकअप असतो, म्हणजे चुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचं वेटोळं. पोलादी तार कंप पावली की त्या वेटोळ्यात क्षीण विद्युतप्रवाह तयार होतो आणि अ‍ॅम्प्लिफायर तो मोठा करतो. मोठा आवाज हाताच्या जोरातून येत नाही, विजेतून येतो. साध्या लाकडी गिटारवर सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायला जोर लावावा लागतो. इथे तशी गरजच नाही.

या वाद्यावरच्या वेगवान वादनाच्या पद्धती पाहिल्या, तर त्या सगळ्या जोर वाचवण्याच्या युक्त्या आहेत हे लक्षात येतं. ‘अल्टरनेट पिकिंग’ म्हणजे एक आघात खाली, पुढचा वर. सतारीवर मिजराबानं ‘दा’ आणि ‘रा’ असे उलटसुलट बोल वाजवतात, त्याच जातीची ही युक्ती. परतीचा प्रवास वाया घालवायचा नाही. ‘स्वीप पिकिंग’मध्ये झाडू फिरवावा तसं पिक एकाच दिशेनं शेजारशेजारच्या तारांवरून जातं आणि दर तारेवर एक स्वर देत जातं. ऑस्ट्रेलियाचा फ्रँक गंबाले या पद्धतीसाठी ओळखला जातो. स्वीडनच्या इंग्वे माल्मस्टीनचा ‘रायझिंग फोर्स’ हा अल्बम 1984 मध्ये आला आणि जगभरच्या तरुण गिटारवादकांना अशा वेगाचं वेड लागलं. त्यांनी त्याची बोटं पाहिली. पण त्याचा हात किती सैल आहे, हे फार थोड्यांच्या लक्षात आलं.

सैल सोडणं हेही कामच

मनगट एका बाजूला वळवणारे स्नायू वेगळे आणि परत आणणारे वेगळे. ते कोपराखालच्या हातात असतात आणि लांब कंडरांनी, म्हणजे दोरीसारख्या चिवट पट्ट्यांनी, मनगटाशी जोडलेले असतात. एक गट आखडतो तेव्हा समोरच्या गटानं सैल व्हायचं असतं. सेकंदाला सहा-सात वेळा ही अदलाबदल व्हायला हवी. दोन्ही गट एकदम आखडले तर मनगट जागच्या जागी ताठ होतं. गाडीचा अ‍ॅक्सिलरेटर आणि ब्रेक दोन्ही एकदम दाबावेत तसं. इंजिन गुरगुरतं, इंधन जळतं, गाडी मात्र हलत नाही. नवशिक्यानं ‘आता वेगात वाजवायचं’ असं ठरवून दात-ओठ खाल्ले की नेमकं हेच होतं.

स्नायू आखडायला ऊर्जा लागते, हे सगळ्यांना माहीत असतं. सैल व्हायलाही ऊर्जा लागते, हे फारसं माहीत नसतं. स्नायूच्या पेशीत कॅल्शियम मोकळं झालं की आकुंचन सुरू होतं. ते थांबवायचं तर कॅल्शियम पुन्हा त्याच्या कप्प्यात ओढून न्यावं लागतं आणि त्यासाठी पेशीला ऊर्जा खर्च करावी लागते. मृत्यूनंतर काही तासांनी शरीर ताठरतं ते याचमुळे. ऊर्जेचा साठा संपलेला असतो आणि स्नायूंना सैल होताच येत नाही. जिवंत हातातही एक आकुंचन पुरतं ओसरायच्या आत दुसरं आलं, दुसऱ्यावर तिसरं आलं, की ती एकमेकांवर चढत जातात आणि हात लाकडासारखा होतो. कोपराखाली जळजळ सुरू होते. वादकाला वाटतं, स्नायू कमी पडतायत. खरं तर ते गरजेपेक्षा जास्त काम करत असतात.

मनगटाची सैल झटक्याची हालचाल आपल्याला नवी नाही. पाऱ्याचा थर्मामीटर झटकताना, ओल्या हाताचं पाणी उडवताना, दारावर टकटक करताना आपण ती सहज करतो. तेव्हा कुणी हात आवळत नाही. पिक हातात आलं की मात्र अंगठा आणि तर्जनी चिमट्यासारखी घट्ट होतात, तो ताण कोपरापर्यंत चढतो आणि पुढे खांदाही वर उचलला जातो. म्हणून पहिला धडा स्वरांचा नाही. पिक हातातून पडणार नाही इतपतच धरायचं, आणि तेवढ्याच पकडीत एका तारेवर सैल मनगट हलवून पाहायचं.

पिक अडकतं कुठे?

एका तारेवर वेग आला म्हणून काम संपत नाही. गिटारला सहा तारा असतात, आणि पिक फिरतं त्या जागी दोन तारांमध्ये जेमतेम एक सेंटीमीटरचं अंतर असतं. पिक तारांच्या पातळीला अगदी समांतर फिरत असेल, तर खाली जाताना ते पुढच्या तारेवर आदळतं आणि वर येताना मागच्या. तार बदलायची तर दर वेळी ते उचलून पलीकडे न्यावं लागतं. हळू वाजवताना हे छोटे छोटे बेडूकउडीचे प्रकार खपून जातात, कारण वेळ असतो. वेग वाढला की त्याच उड्यांनी हात थकतो.

अमेरिकन गिटारवादक ट्रॉय ग्रेडी यानं नामवंत वादकांच्या गिटारवर कॅमेरा बसवून त्यांचे हात जवळून चित्रित केले आणि ती चित्रफीत संथ करून पाहिली. मुरलेले वादक पिक थोड्या तिरक्या मार्गानं फिरवतात, असं त्यातून स्पष्ट दिसलं. मार्ग तिरका असला की दोन आघातांपैकी एक आघात आपोआप तारांच्या वर, मोकळ्या हवेत संपतो. तार बदलायची ती त्याच क्षणी. वर येणारा आघात मोकळा होत असेल, तर दर तारेवर सम संख्येनं स्वर घ्यायचे. म्हणजे शेवटचा आघात वर येणाराच पडतो आणि पुढची तार सहज सापडते. माल्मस्टीनची कितीतरी वळणं अशीच बांधलेली आहेत.

यामागचं विज्ञानही सोपं आहे. मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यानं 1954 मध्ये हाताच्या हालचालीबद्दल एक नियम मांडला. लक्ष्य जितकं लहान आणि दूर, तितका तिथे नेमकं पोचायला वेळ जास्त. गिटारच्या भाषेत सांगायचं तर पिकचा फेरा लहान ठेवा आणि उड्या टाळा. वेग बराचसा इथूनच येतो.

चालणं वाढवून धावणं येत नाही

शिकवण्याची नेहमीची रीत अशी: मेट्रोनोम मिनिटाला 60 ठोक्यांवर लावा, वळण चोख वाजवा, मग दोन-दोन ठोके वाढवत चला. ही शिस्त चांगली आहे, पण अनेकांना एका ठरावीक आकड्यावर भिंत लागते. महिनोन्‌महिने तिथेच अडकल्यावर ‘आपल्या बोटांत ते नाहीच’ असं समजून गिटार भिंतीवर टांगली जाते.

सपाट रस्त्यावर चालण्याचा वेग वाढवत गेलं, तर ताशी सुमारे 7 किलोमीटरच्या आसपास माणूस आपसूक धावू लागतो. धावणं म्हणजे जलद चालणं नव्हे. त्यात पाय वेगळ्या पद्धतीनं पडतो आणि दोन्ही पाय क्षणभर हवेत असतात. नुसतं चालत राहून धावण्याची हालचाल कळत नाही, ती धावूनच कळते. गिटारवरही संथ गतीला चालून जाणारी हालचाल वेगात टिकेलच असं नाही. शंभर वेळा संथ वाजवून बेडूकउडी पक्की केली, तर शेवटी हाती पक्की बेडूकउडीच उरते.

म्हणून क्रम थोडा बदलावा. आधी एकाच तारेवर, एकाच स्वरावर, दोन-तीन सेकंद भरभर पण सैल हातानं पिक फिरवावं. थोडं ओबडधोबड झालं तरी चालेल. ही हालचाल कशी वाटते ते हाताला कळू द्यावं. मग तीच हालचाल, तोच लहान फेरा कायम ठेवून गती कमी करावी आणि डाव्या हाताची बोटं तिच्याशी जुळवावीत. संथ सराव हवाच, पण वेगात टिकणाऱ्या हालचालीचा.

कान ऐकेपर्यंत स्वर पुढे गेलेला

सेकंदाला 13 स्वर म्हणजे एका स्वराला साधारण 75 मिलिसेकंद. आवाज कानावर पडून हातानं त्याला प्रतिसाद द्यायला माणसाला 150 मिलिसेकंदांच्या आसपास वेळ लागतो. म्हणजे एक स्वर चुकला हे कळून हात काही करेपर्यंत पुढचे दोन स्वर वाजून गेलेले असतात. दर स्वरावर लक्ष ठेवून इतक्या वेगात वाजवणं शक्यच नाही.

अमेरिकन मेंदूशास्त्रज्ञ कार्ल लॅश्ले यानं 1951 मध्ये हाच मुद्दा मांडला होता. वादकाची बोटं सेकंदाला सोळापर्यंत आघात करू शकतात. एका आघाताची जाणीव मेंदूपर्यंत जाऊन तिथून पुढच्या आघाताचा हुकूम निघेल, इतका वेळ त्यात नसतो. तेव्हा पूर्ण क्रमाची आखणी मेंदूत आधीच झालेली असली पाहिजे, असं त्याचं म्हणणं होतं.

याचा अनुभव आपण सगळे रोज घेतो. स्वतःची सही करताना आपण अक्षरं जुळवत बसत नाही. एक झटका, आणि सही झाली. बँकेत ‘नमुन्याशी जुळत नाही’ म्हटलं की आपण जपून, हळूहळू करू जातो आणि ती आणखीच बिघडते. सही हा मेंदूत साठवलेला एकसंध ठसा आहे. जलद वादनात असे ठसे चार-चार, सहा-सहा स्वरांचे असतात. म्हणून लांबलचक वळण आरंभापासून शेवटपर्यंत घोकण्याऐवजी लहान तुकडा घ्यावा आणि पुढच्या तुकड्याच्या पहिल्या स्वरावर येऊन थांबावं. तो थांबा म्हणजेच पुढच्या तुकड्याचा सांधा.

या ठशांचं काम वाद्य खाली ठेवल्यावरही चालू राहतं. 2002 मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी बोटांच्या ठरावीक क्रमाचा सराव लोकांना दिला. रात्रीच्या झोपेनंतर, मधे काहीही सराव न करता, त्यांचा वेग सुमारे 20 टक्क्यांनी वाढलेला दिसला. यातला काही भाग निव्वळ थकवा उतरल्याचा असावा, असं पुढच्या काही अभ्यासांनी सुचवलं. 2019 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या चमूला असं दिसलं की 10 सेकंद सराव आणि 10 सेकंद विश्रांती अशा पद्धतीत सुरुवातीची सुधारणा मुख्यतः त्या विश्रांतीच्या वेळात होते. या संशोधनावर वाद होत राहतील. पण परीक्षेच्या आदल्या रात्री जागून घोकण्याची आपली सवय हातांच्या कौशल्याला उपयोगाची नाही, एवढं नक्की.

वादन बोटांत असतं की मेंदूत, याचं एक हृद्य उदाहरण आहे. अमेरिकेचा जेसन बेकर विशीच्या आत जगातल्या अत्यंत वेगवान गिटारवादकांत गणला जात होता. 1989 मध्ये त्याला ‘ए.एल.एस.’ हा स्नायूंवरचा ताबा हिरावून घेणारा चेतासंस्थेचा आजार असल्याचं निदान झालं. हात गेले, वाचा गेली. तो डोळ्यांच्या हालचालींनी खुणा करून संगीत रचत राहिला आणि 2018 मध्येही त्याचा अल्बम आला.

सराव कसा करावा?

सुरुवातीला दिवसाला 20 ते 30 मिनिटं, शक्यतो दोन भागांत, पुरेशी आहेत. हात गार असतील तर आधी कोमट पाण्यात धरावेत. तापमान एका अंशानं उतरलं की मज्जातंतूतून संदेश जाण्याचा वेग सेकंदाला सुमारे दोन मीटरनं घटतो, त्यामुळे थंडीत बोटं जड वाटणं ही कल्पना नाही. पाच सेकंद जलद वाजवावं, मग दहा-पंधरा सेकंद हात मांडीवर सोडून द्यावा. मधूनच डाव्या हातानं उजव्या हाताचा कोपराखालचा भाग चाचपून पाहावा. दगडासारखा लागला तर गती उतरवावी. मोबाइलच्या ‘स्लो मोशन’नं हात चित्रित करून पाहावा. आरसा दाखवत नाही ते त्यात दिसतं. आवाज कमी वाटला तर हाताचा जोर वाढवू नये, अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज थोडा वाढवावा, तोही कानांना सोसवेल इतकाच. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते 80 डेसिबलचा आवाज आठवड्याला 40 तासांपर्यंत सुरक्षित असतो. त्याच्या वर मर्यादा झपाट्यानं घटते.

दुखणं ही पायरी नव्हे

ओपीडीत मनगट धरून येणारी गिटार शिकणारी मुलं बहुतेकदा एकच सांगतात: ‘दुखल्याशिवाय येत नाही म्हणतात.’ व्यायामशाळेतून आलेला हा समज इथे घातक आहे. स्नायूंचा थकवा तासाभरात किंवा रात्रीत उतरतो. दुसऱ्या दिवशी त्याच जागी पुन्हा दुखत असेल तर तो थकवा नाही.

अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला दुखत असेल आणि अंगठा मुठीत धरून मनगट करंगळीकडे झुकवल्यावर कळ येत असेल, तर तिथल्या कंडरांचं आवरण जाड होऊन आवळलं गेलेलं असू शकतं. स्विस शल्यचिकित्सक फ्रिट्झ द कर्व्हेन यानं 1895 मध्ये याचं वर्णन केलं आणि त्याचंच नाव या दुखण्याला मिळालं. अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला मुंग्या येत असतील, रात्री जाग येऊन हात झटकावा लागत असेल, तर मनगटातून जाणारा मज्जातंतू दाबला जात असल्याची शक्यता तपासावी लागते. ही दोन्ही दुखणी लवकर दाखवली तर विश्रांती, पट्टा, सवयीतला बदल अशा साध्या उपायांनी बरेचदा आटोक्यात येतात. वेदनाशामक गोळी घेऊन सराव चालू ठेवणं म्हणजे धुराचा अलार्म बंद करून स्वयंपाक चालू ठेवणं.

तिसरा प्रकार दुखतही नाही, म्हणून तो जास्त फसवा. एखादं बोट वाद्य हातात घेतलं की आपोआप आत वळतं किंवा ताठ होतं. इतर कामांत मात्र हात ठणठणीत असतो. याला ‘फोकल डिस्टोनिया’ म्हणतात. व्यावसायिक वादकांपैकी साधारण शंभरात एकाला तो होतो. बिघाड स्नायूंत नसतो. मेंदूतले बोटांचे एरवी वेगवेगळे असलेले नकाशे एकमेकांत मिसळू लागतात. तेच तेच, ताणाखाली आणि अतिशय नेमकं करत राहणं हा त्याचा एक धोका. जर्मन संगीतकार रॉबर्ट शूमानला तरुणपणी उजव्या हाताच्या दुखण्यामुळे पियानोवादनाचं स्वप्न सोडावं लागलं. ते दुखणं हेच असावं, असं अनेक वैद्यकीय अभ्यासकांना वाटतं. अमेरिकन पियानोवादक लिऑन फ्लायशर याची उजव्या हाताची बोटं 1960 च्या दशकात वळू लागली. त्यानंतर सुमारे तीन दशकं तो मुख्यतः डाव्या हातासाठी रचलेलं संगीत वाजवत राहिला. पुढे बोटॉक्सच्या इंजेक्शनांची मदत मिळाली आणि तो दोन्ही हातांनी मंचावर परतला. अशी लक्षणं दिसल्यावर ‘अजून सराव कर’ हा सल्ला सगळ्यात वाईट. थांबावं आणि मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावं.

घरात कुणी गिटार शिकत असेल, वय पंधरा असो की पन्नास, तर ‘किती वेगात वाजवतोस’ असं विचारण्याआधी त्याच्या खांद्याकडे आणि जबड्याकडे बघा. खांदे वर चढलेले आणि दात आवळलेले असतील, तर वेग येणार नाही आणि आला तरी टिकणार नाही. तिथे थांबायला सांगा, पाणी प्यायला सांगा, हात सोडून द्यायला सांगा. दहा मिनिटांनी तेच वळण पुन्हा वाजवताना हात आपसूक सैल वाटला, तर तेवढीच त्या दिवसाची खरी प्रगती.